धक्का एकच
ऱ्हाईन नदीवरच्या मालबोटींच्या डिझेलचा वास आला की मला कॅरिबियनमधल्या एका बेटाचं चिमुकलं बंदर आठवतं, जे मी कधी पाहिलेलंच नाही. जर्मनीत, कोलोनच्या नदीकाठच्या ऑफिसात बसून, खिडकीतून तोच वास येत असताना, मी एका वृद्ध मालकाच्या सुपरयॉटचा, म्हणजे आलिशान खासगी बोटीचा, प्रवास आखत होते. त्यांचं लग्न त्या बेटावर झालं होतं; पत्नी वारल्यावर तिथल्या धक्क्यावर एकदा जायचं, एवढीच त्यांची इच्छा. ते चाकांच्या खुर्चीत असत. छोट्या होडीत उतरायला डॉक्टरांची साफ मनाई, म्हणजे यॉट धक्क्यालाच लागायला हवी. मी बंदरावरच्या बाईंना फोन केला. "सकाळची वेळ राखून ठेवाल?" "सकाळी मालाचं जहाज." "गेनाऊ," सवयीने माझ्या तोंडून जर्मनमधलं 'बरोबर' निघालं, "मग दुपारी?" "दुपारी शाळेच्या मुलांची फेरीबोट. अहो बाई, धक्का एकच, आणि पहिला मान बेटाचा. राखून ठेवणं आमच्यात नाहीच. या आणि रांगेत थांबा!" मी पर्याय काढत राहिले, त्या हसत नाही म्हणत राहिल्या. शेवटी यॉट गेली आणि दिवसभर बंदराबाहेर नांगरून थांबली, पण तिची पाळी आलीच नाही. संध्याकाळी कप्तानाचा फोन आला. "मालक म्हणाले, माझी खुर्ची बंदराकडे पाठ करून ठेवा. परत निघतोय." अजूनही तो वास आला की मी मनातल्या मनात त्या धक्क्यावर एक रिकामा तास शोधू लागते.