मावशींचा अर्ज विचाराधीन आहे

बादलीतल्या पाण्यात त्या आधी स्वतःचं कोपर बुडवत. मी हात घालून पाणी पाहिलेलं असे, "झालंय बरोबर" असं सांगितलेलंही असे. तरी त्या बाही वर सारत, डोळे मिटत आणि म्हणत, "थांबा ताई, कोपर सांगेल." मग निकाल येई, "एक तांब्या गार." त्यानंतर पाटावर पाय लांब करून बसत आणि माझ्या आठ दिवसांच्या मुलाला नडग्यांवर पालथं घालत. तो रडून घर डोक्यावर घेई आणि त्या त्याच्याशी शांतपणे गप्पा मारत.

तुमच्याही भागात अशी एखादी मावशी असेल. बाळाला तेल लावणारी, बाळंतिणीला शेक देणारी. आमच्या कर्वेनगरात तीस-पस्तीस वर्षं ती ह्या होत्या. आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्या नडग्यांवर रडली आहेत. त्यातली काही आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत, काही परदेशात कायमची राहिली आहेत. ती तिथे का राहतात, असं त्यांना कुणी विचारत नाही.

मावशी मुसलमान आहेत हे कळल्यावर माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला. मावशींनी तो पिऊन, कप विसळून पालथा घातला. पाचव्या दिवशी सासूबाईंचा गुडघा धरला. मावशींनी न विचारता तेलाची वाटी उचलली आणि अर्धा तास गुडघा चोळून दिला. सहाव्या दिवशी कप एकच झाला. 

त्यांचा जन्म कराचीचा. हे त्यांनी कधी लपवलं नाही. "माझा बाप दापोलीकडचा. गोदीत कामाला म्हणून तिकडे गेला, आणि मधे रेघ ओढली," एवढ्या दोन वाक्यांत त्या इतिहास संपवत. घरी बोलत ते कोकणातलंच मराठी. विसाव्या वर्षी पुण्यातल्या मामेभावाशी लग्न झालं आणि त्या इकडे आल्या. नवरा छापखान्यात कामाला होता. लग्नानंतर बारा वर्षांनी एक मुलगी झाली. ती शाळेत असतानाच तो वारला. मावशी मुलीला वाढवत राहिल्या, लोकांची पोरं न्हाऊ घालत राहिल्या आणि इथे राहण्याची मुदत दर खेपेला वाढवून घेत राहिल्या.

नागरिकत्वाचा अर्ज त्यांनी अठरा वर्षांपूर्वी केला होता. इथलं नागरिकत्व हवं तर तिथलं सोडल्याचा दाखला आणा. तो दाखला हवा तर तिथला पासपोर्ट चालू असला पाहिजे. पासपोर्टची मुदत कधीच संपलेली, आणि तो नवा करून द्यायला तिकडचे लोक तयार नाहीत. कार्यालयातून दर वेळी एकच उत्तर मिळे, अर्ज विचाराधीन आहे. मावशी हसत म्हणत, "सरकार माझा विचार करतंय, ताई. एवढा विचार तर आईबापांनी माझं लग्न ठरवताना केला नव्हता."

मग सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर रोज आरडाओरडा सुरू झाला, आणि एका दुपारी मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पोलिसांनी दिलेली नोटीस होती. सात दिवसांत देश सोडून जावे. मी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. त्यात "चाळीस वर्षे" हे शब्द कुठेच नव्हते.

"तिथं कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"भाऊ होता, गेला. त्याची मुलं आहेत. मी त्यांना ओळखणार नाही, ती मला ओळखणार नाहीत." मग म्हणाल्या, "ताई, पोरगी सातव्या महिन्यात घरी आलीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवाजीनगर कोर्टाकडे गेलो. पहिल्या वकिलांनी नोटीस पूर्ण वाचलीही नाही. "असल्या भानगडी मी घेत नाही," म्हणाले. दुसऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता, तुम्ही यात कशाला पडता?" मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. वर्गात असं बोलणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. तिथे मात्र काहीच न बोलता बाहेर आले, याचा राग मला अजून आहे.

तिसऱ्या वकीलबाई तरुण होत्या. झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांची टेबलापुरती जागा होती. त्यांनी मावशींची जुनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि चाळीस वर्षांचे कागद तारखेनुसार लावायला घेतले. राहण्याची एकही मुदत चुकलेली नव्हती. एवढा नेटका हिशेब माझ्या घरच्या कागदांचा नाही.

"तुम्हाला कोर्टाकडून काय हवंय?" त्यांनी विचारलं.

मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरीचं बाळंतपण होईपर्यंत थांबू द्या. पुढे चाळीस दिवस. मग घालवा कुठे घालवायचं तिथे."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्षं राहिलात आणि चाळीस दिवस मागताय?" त्यांचा आवाज चढला होता, पण तो राग मावशींवर नव्हता. "ते मी मागणार नाही. मागायचं तर पूर्ण मागायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. इतकं मागता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

उच्च न्यायालयात जायचं ठरलं. मावशी इतकी वर्षं इथेच राहत आहेत, असं शपथेवर सांगणारी पाच माणसं हवी होती. मला वाटलं, पाच काय, पन्नास मिळतील. मी यादी घेऊन निघाले.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब. त्यांची दोन्ही नातवंडं मावशींनी न्हाऊ घातलेली. "बाई सज्जन आहे, वादच नाही," ते म्हणाले. "पण कागदावर सही कशाला? तोंडी विचारलं कुणी तर सांगू की." शेजारच्या बाईंनी मला सरबत दिलं आणि म्हणाल्या, "अहो, नियम म्हणजे नियम. आपण तरी किती जणांना पुरे पडणार?" एकाने तर दार अर्धंच उघडलं, माझं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि लावून घेतलं. त्याच दाराच्या आत, सातव्या महिन्यात जन्मलेल्या त्याच्या मुलीला मावशींनी कापसात गुंडाळून दोन महिने जपलं होतं.

पण सगळा दोष शेजाऱ्यांवर ढकलून मी मोकळी होणार नाही. माझ्या मुलाचा परदेशातून फोन आला. "आई, तुझं नाव यात कशाला घालतेस? उद्या माझ्या कामात अडचण आली तर?" तो, मावशींच्या नडग्यांवर वाढलेला. आणि खरं सांगते, सातातला एक अख्खा दिवस मी सहीशिवाय घालवला. कागद फ्रिजवर ठेवला होता आणि येता-जाता त्याच्याकडे पाहत होते. संध्याकाळी मावशींची मुलगी आली, पोट सावरत जिने चढून. काही मागायला नव्हे, आईने पाठवलेला ओवा द्यायला. ती गेल्यावर मी सही केली.

पाच माणसं झाली शेवटी. मी, पोळ्यावाल्या काकू, किराणा दुकानदार, शाळेचे जुने शिपाई आणि मावशींवर उपचार करणारे डॉक्टर. ज्यांना गमावण्यासारखं पुष्कळ होतं, त्यांच्यातले फार थोडे आले.

सहाव्या दिवशी दुपारी वकीलबाईंचा मुंबईहून फोन आला. पुढील आदेशापर्यंत मावशींना देशाबाहेर पाठवू नये. मी जवळजवळ धावतच त्यांच्या खोलीवर गेले. मावशी एक लहान बॅग भरून बसल्या होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली, बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून पुन्हा मांडणीवर ठेवला. सगळे ठेवून झाल्यावर मग रडल्या.

नातीला त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं. चाळीस दिवस, आणि त्यापुढेही.

इथे गोष्ट गोड संपायला हवी होती. पण सरकारने उत्तर द्यायला मुदत मागितली, मग पुन्हा मागितली. मावशींनी पुणे सोडायचं नव्हतं, आणि दर सोमवारी पोलिसांत हजेरी लावायची होती. साठी ओलांडलेली, संधिवाताने वाकलेली बाई बाकावर तासन्‌तास बसे, सही करून परत येई. सोसायटीत बाळं जन्मत होती, पण मावशींना बोलावणं येईना. "आम्ही दुसरी बाई ठरवली," लोक सांगत, आणि सांगताना दुसरीकडे बघत. घरमालक म्हणाला, "मावशी, तुमच्याबद्दल तक्रार नाही, पण दारात पोलीस येतात. बाकीचे भाडेकरू बोलतात." महिन्याभरात खोली सोडायला सांगितली. चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला गावातून काढायला हुकूमच लागतो असं नाही.

मुलीचं सासर मिरजेला. तिथे राहायला जाण्याची परवानगीही कोर्टाकडून घ्यावी लागली. ती मिळायला पाच महिने लागले. तोवर मावशी घरमालकाकडूनही मुदत वाढवून घेत राहिल्या. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना पोचवायला एसटीने गेले. परतल्यापासून त्यांच्या गल्लीतून जायचं मी टाळते. खोलीच्या दारावर आता नव्या भाडेकरूच्या नावाची पाटी आहे.

त्या दिवशी मिरजेला उतरल्यावर पहिलं काम होतं पोलिसांत नोंद करायचं. टेबलावरच्या माणसाने नवा फॉर्म घेतला. बोलायला बरा होता.

"कुठून आलात?"

"पुण्याहून," मावशी म्हणाल्या.

त्याने फाइल चाळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तसं नाही हो मावशी. मूळ कुठून आलात?"

"मूळ काय ते सगळं त्या फायलीत आहे. तुम्ही विचारलंत, कुठून आलात. सकाळी स्वारगेटला बसले. मधे कुठे उतरले नाही." त्यांनी पदराच्या गाठीतून तिकीट काढलं आणि तळव्याने सपाट करून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने तिकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिहा," मी म्हणाले. शाळा सोडून मला बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून आहे.

त्याने लिहिलं, पुणे. मावशींनी टेबलावर वाकून ते सावकाश वाचलं, आणि मग सही केली.