गळ्यातली सवत

माझी आई सकाळी वारली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. त्याला शेजारच्या घरी नेऊन बसवलं. तिथं त्यानं दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. दुपारी आईला ओढ्याकाठी नेलं आणि संध्याकाळी त्याला घरी आणलं.

घर सारवलेलं होतं. त्यानं चुलीपाशी पाहिलं, गोठ्यात पाहिलं, मग आत्याला विचारलं, "आई कुठं हाय?"

"गावाला गेली."

"कंच्या?"

"आंबवड्याला. तुज्या मामाकडं."

"मला टाकून?"

"तू झोपला हुतास."

तो झोपला नव्हता. पण मोठं माणूस सांगतंय म्हटल्यावर आपण झोपलो असू असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून त्यानं दुपारची झोप सोडली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडंच असे आणि घरात तिचाच शब्द चाले. तिनं मला गोठ्यात नेऊन सांगितलं, "त्याला कायबी बोललीस तर जिभंला डाग दीन. ल्हान हाय त्यो. चार दिस इचारंल, मंग इसरंल."

तो विसरला नाही. मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याकडं जाणाऱ्या वाटेला लागून आमचं शेत होतं. तिथल्या बांधावर तो जाऊन बसू लागला. बैलगाडी दिसली की उठून उभा राही, पुढं गेली की खाली बसे. मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती, त्यानं बांधावरून उठून घरात यावं.

वाटेनं जाणारी माणसं त्याला ओळखून होती.

"काय रं, आली का आई?"

"न्हाई."

"आंबवडं लांब पडतं बाबा. बैलं म्हातारी आसत्याल."

"येताना तुला बारका भाव आनती का बग!" दुसरा म्हणे, आणि सगळे हसत. हसणाऱ्यांतल्या दोघांनी आईला खांदा दिला होता.

बायका हसत नसत. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत आणि एकमेकींना म्हणत, "आईवेगळं लेकरू ग." तोही मान वर करून ऐके. हे आपल्याविषयी चाललंय हे त्याला कळत नसे.

ज्वारीची मळणी उरकली आणि वडिलांचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, सोळा वर्षांची. आत्यानं भावाला अंघोळ घातली, डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि सांगितलं, "आमी तुज्या आईला आनाय चाललोय. ऱ्हाशील ना गप?"

तो राहिला. वऱ्हाडाच्या गाड्या परत येईपर्यंत त्यानं टोपी काढू दिली नाही.

गाडीतून नवी उतरली. भावानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं गाडीत पाहिलं, मग वाकून गाडीखाली पाहिलं.

"ही न्हाई," तो म्हणाला.

बायकांना हसू आवरेना. आत्या त्याच्यापुढं उकिडवी बसली. तिनं नवीला खाली वाकायला लावलं, तिच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "अरं, ही बग तुजी आई. हितं हाय."

आमच्याकडं पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. नखाएवढा पत्रा, त्यावर हात जोडून उभी असलेली एक बाई. आमचा टाक भोरच्या सोनारानं घडवला होता. त्यानं आईला कधी पाहिलं नव्हतं. या टाकाला सवतच म्हणतात. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला लावायचं, पहिला घास आधी तिच्यापुढं धरायचा. नाही तर पहिली रुसते आणि दुसरीला नांदू देत नाही, अशी समजूत.

भावानं टाक हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला.

"एवढी बारकी कशी झाली?"

"तू छळलंस तिला लई. म्हून झिजली," आत्या म्हणाली, आणि बायका पुन्हा हसल्या.

त्यानंतर तो बांधावर गेला नाही. तो नवीच्या मागं मागं फिरू लागला. ती धुणं धुवायला वाकली की टाक पुढं लोंबे आणि हा खाली बसून त्याच्याशी बोले. भाताचं शीत बोटावर घेऊन त्या बाईच्या तोंडाला चिकटवे. नवी त्याचा हात झटकून टाके. तिला भीती वाटे. निघताना तिच्या आईनं तिला बजावलं होतं, सवतीची पोरं सवतीचाच जीव घेऊन हिंडतात, जपून राहा. मुलाला वाटे आपली आई त्या पत्र्यात आहे. तिलाही तसंच वाटे. घरात हे खरं मानणारी दोनच माणसं होती आणि ती एकमेकांची वैरी झाली.

एकदा त्यानं गोवऱ्या आणायला कुरकुर केली. ती चुलीपुढं बसली होती. तिनं गळ्यातला दोरा पुढं ओढला, वाकली आणि टाक जाळावर धरला.

"आनतोस का जाळू तुज्या आईला?"

तो ओरडत पळाला आणि कवेत मावतील तेवढ्या गोवऱ्या घेऊन आला. नवी हसली. वडील ओसरीवर दोर वळत होते. ते म्हणाले, "गंमत करतीया ती. आसाच लळा लागतो."

मग ते रोजचं झालं. पाणी आण, गप बस, ताटातलं संपव, सगळ्याला तेवढं एकच औषध. या घरात नवीचं कोणी ऐकत नव्हतं. आत्या तिला येताजाता बोले. तिच्या हुकमातला हा एवढा एकच जीव होता आणि तिनं तो हुकूम पुरेपूर वापरला. भाऊ तिचा स्वयंपाक होईपर्यंत चुलीशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन बसू लागला. ती फुंकणी फुंकायला वाकली की तांब्या उचले. सरळ झाली की खाली ठेवे.

त्या उन्हाळ्यात मामा आला. तो आंबवड्याचा, पण भोरला कचेरीत शिपाई होता आणि तिथंच बिऱ्हाड करून राही. मामीला दिवस गेले होते, घरात हाताशी कोणी हवं होतं, म्हणून तो मला मागायला आला. मुलींच्या शाळेत घालीन असंही म्हणाला. मला जायचं होतं. पण तांब्या घेऊन बसलेल्या मुलाला तसंच सोडून जायचं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला ओढ्याकाठी घेऊन गेले. काळे पडलेले दगड तिथं अजून होते.

"हितं आईला जाळली," मी म्हणाले.

तो दगडांकडं पाहत राहिला. "का?"

"मेली म्हणून. मेलेल्या माणसाला जाळत्यात."

"वरडली का?"

"न्हाई. मेलेलं माणूस वरडत न्हाई. त्याला काय कळतच न्हाई."

"आंबवड्याला?"

"आंबवड्याला गेलीच न्हवती."

त्यानं एका दगडाला हात लावून पाहिला. उन्हानं तो तापला होता. "मग टाकात कोन हाय?"

"कोणी न्हाई. नुसती चांदी हाय."

मी त्याला जवळ घेतलं. तो रडेल असं मला वाटलं होतं. त्यानं दोन-तीन दगड उलटे करून खाली पाहिलं आणि म्हणाला, "चल."

दुसऱ्या सकाळी मामा गाडी जुंपत होता. नवीनं भावाला पाणी आणायला सांगितलं. तो हलला नाही. तिनं टाक जाळावर धरला.

"जाळ," तो म्हणाला.

"काय म्हनलास?"

"जाळ की. ती जळलीया मागंच." आणि त्यानं पुढं होऊन तो दोरा धरून खाली ओढला. दोरा तुटला नाही. नवी जाळावर झुकली, पदराला धग लागली आणि ती किंचाळली, "सवत उठली! आवो, सवत उठली!" मागं सरून तिनं टाक दोन्ही हातांनी कपाळाला लावला. "बाई, चुकलं माजं. पदर पसरते, बाई."

आत्यानं जळणातलं लाकूड घेऊन भावाला मारलं. तो मारही त्याच्या ध्यानात नव्हता. तो नवीकडं बघत होता. ती कशी थरथरते ते तो बघत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी परत आले. भाऊ अंगानं भरला होता. आम्ही जेवायला बसलो. नवीनं पहिला घास टाकाला दाखवला आणि मग, वडिलांच्याही आधी, भावाच्या पानात वाढलं. त्यानं भाताकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आई म्हनती, तूप कमी हाय."

तिनं आणखी तूप वाढलं. मग टाक कपाळाला लावला. आत्या माझ्याकडं पाहून म्हणाली, "बग, इसरला का न्हाई? मी म्हनलं न्हवतं?"

मी त्याला परड्यात नेऊन विचारलं, "असं का करतोस? त्यात कोणी न्हाई, तुला सांगितलंय ना?"

"मला म्हाईत हाय. तिला कुठं म्हाईत हाय?"

"मग सांग तिला."

"सांगितल्यावर तूप कोन वाढंल, आक्का?"

"आईची आठवण येते का?"

"ती मेली न्हवं?" तो म्हणाला आणि खेळायला गेला.

शेवटी मीच नवीला सांगितलं, की तो खोटं बोलतो, पत्र्यात कोणी नसतं. तिनं कानांवर हात ठेवले. "तू तिची लेक. तू आसंच म्हननार. मला बेसावध करून मारायचंय तुमाला."

पुढं तिला दिवस गेले. तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्यानं तिच्या पोटाकडं पाहिलं आणि मान हलवली. "आई न्हाई म्हनती." ते मूल राहिलं नाही. पुढचंही राहिलं नाही. पोरानं म्हटल्यानं पोटातलं मूल जात नसतं हे मला पुस्तकांतून कळलं होतं. तिला कोणी वाचायला शिकवलं नव्हतं.

मी भोरला शिकले आणि तिथंच आता मुलींना शिकवते. एखाद्या मुलीची आई गेली की घरचं कोणीतरी शाळेच्या दारात येऊन सांगतं, "बाई, तिला काय कळू दिऊ नका. गावाला गेली म्हनून सांगितलंय." मी हो म्हणत नाही. मुलगी विचारते तेव्हा मी तिला मेली हा शब्द सांगते आणि ती घरी जाईपर्यंत तिच्याजवळ बसते. काही मुली रडतात. ज्या रडत नाहीत त्यांना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावते. भावाला मी सांगितलं ते खरं होतं. पण सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले होते, आणि त्याच्याजवळ नवीच उरली होती.

आत्या गेली, वडील गेले. घरात आता भाऊ आणि नवी, दोघंच राहतात. तो शेत बघतो, ती भाकरी करते. तिनं अजून पस्तिशी गाठलेली नाही. तो तिला आई म्हणत नाही आणि ती त्याच्याआधी जेवत नाही.