फुवांचा काढा

शहाद्याच्या पंचक्रोशीत त्या काळी मोकळेपणाने शिंकायची कोणाची छाती नव्हती, आणि त्याला कारण एकटे आमचे फुवा. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शेती कपाशीची, चांगली पिकती. पण जीव सगळा दुसऱ्यांच्या पडशात. अडुळसा, गुळवेल, सुंठ, मिरी आणि डोंगरातून बाजाराला येणाऱ्या बायांकडून पारखून घेतलेला बेहडा, असा त्यांचा काढा चुलीच्या वैलावर सदा उकळत असे. रस्त्याने जाणारा कोणी शिंकला की ओट्यावरून हाक येई, "शिंक उनी ना? मंग बस आठे!" तो ओट्यावर येऊन बसे, आणि काढा पिऊनच उठे. एका लग्नात होमाच्या धुराने नवरदेव शिंकला, तर यांनी सप्तपदी थांबवून त्याला वाटीभर काढा पाजला. नवरी बिचारी पाऊल उचलून उभी. भटजींनी मात्र पुढचे सगळे विधी शिंक दाबून उरकले.

या काढ्याला भीक न घालणारे माणूस एकच, आमची आत्या. वाटी पुढे आली की ती तोंड फिरवी. "हाई जहर तुम्हीच प्या." मग दोघांचे असे जुंपे की शेजारीपाजारी हातातली कामे टाकून ऐकत. शेवटी ती पीत असे, पण फुवांच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच.

एका वर्षी तापाची साथ आली. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली, काही उठलीच नाहीत. आत्याचे साधे पडसे बघता बघता छातीत उतरले. मी तेव्हा तिथेच होतो. फुवांनी वाटी तिच्या ओठांना लावली आणि ती एक शब्द न बोलता सगळा काढा प्याली. फुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "कडू शे म्हन ना वं," ते तिच्या उशाशी बसून विनवू लागले, "काहीतरी बोल." तिने डोळे मिटून घेतले. पुढेही रोज वाटी निमूट रिकामी होई, आणि फुवा आणखी खचत. मला त्यांच्याकडे बघवेना.

एका सकाळी मात्र तिने वाटी हाताने ढकलली. काढा सगळा फुवांच्या धोतरावर. "तुम्हीच प्या हाई जहर," ती क्षीण आवाजात म्हणाली.

फुवा तसेच ओल्या धोतराने अंगणात आले. "वाची गई रे. बोलनी ती," एवढेच मला म्हणाले, आणि उपरणे तोंडाला लावून हमसाहमशी रडले.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षे भांडली. फुवा सगळे ऐकून घेत. उलट उत्तर द्यायचे मात्र त्यांनी त्या सकाळपासून सोडून दिले.