देवापुढची जर्मन नाणी

अमेरिकेत हर्नडनला आल्यावर वर्षभरातच ऑफिसातली माणसं कमी होऊ लागली. कुणाचं ना कुणाचं टेबल रिकामं दिसायचं. त्या दिवसांत मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरे. तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे जर्मनीतल्या जुन्या संस्थानांची चांदीची नाणी असत. नखाएवढी, पातळ, झिजलेली. मोठी, मिरवायची नाणी मला नकोच होती; ही हातोहात फिरलेली बरी वाटायची. कामावरून दमून आलो की भिंगातून एकेक बघत बसायचो. चांदीवरचा काळेपणा कधी घासू नकोस, नाण्याचं वय त्यातच असतं, असं त्या म्हाताऱ्याने बजावलं होतं.

वडील गेल्यावर आईला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी दिवसभर बाहेर. तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं आणि चालत जावं असं जवळ काही नव्हतं. कशी आहेस विचारलं की म्हणायची, मजेत.

धनत्रयोदशीला घरी आलो, तर देवापुढे ताटलीत माझी सगळी नाणी लखलखत होती. खायचा सोडा आणि जुना ब्रश घेऊन तिने ती घासून काढली होती.

"किती काळी पडली होती रे. पूजेला अशी कशी ठेवायची?"

त्या दिवशी आमच्या टीममधल्या दोघांना काढलं होतं. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसलो.

एका नाण्यावर चाक होतं. हे विष्णूचं चक्र का, तिने विचारलं. माइन्ट्स नावाच्या गावी धर्मगुरूंचं राज्य होतं, त्यांची ती खूण, मी सांगितलं. दुसऱ्यावर उपटलेलं झाड हातात धरलेला रानमाणूस होता. तो तिने भिंगातून पुन्हापुन्हा पाहिला. यात काय यायचं, म्हणाली. पाव, मीठ, असंच काही, मी म्हणालो.

ती आल्यापासून आम्ही इतकं बोललोच नव्हतो. मग भिंग खाली ठेवत ती म्हणाली, "मला इथे दिवस जात नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला जाऊ दे."

मी तिकीट बदलून घेतलं. थंडी वाढायच्या आत ती निघाली. विमानतळावर आत जाण्याआधी थांबून म्हणाली, "तुलाही परत यावंसं वाटलं तर ये. कुणी काही म्हणणार नाही."

बघू, म्हणालो. पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ नुसताच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.