गोरीबायने खाल्लेलं तवसं

गोरीबाय वाल सोलायला बसली की जीभ दातांत धरायची. सोळा वर्षं आमच्यात राहिली, पण दाणा चिमटीत दाबून डाळ टपकन बाहेर काढायची आमच्या बायांची हातोटी तिला साधली नाही. एकेक दाणा डोळ्यांजवळ न्यायची आणि सुई ओवल्यासारखी नखाने साल काढायची. त्या मंगळवारी दुपारीही आम्ही दोघं माझ्या ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होतो. तिची वाटी भरली तोवर माझी परात भरली.

"भाऊ, तू हरवलंस मला," ती म्हणाली.

"तुला हरवायला काय लागतं? शेजारची म्हातारी आंधळी हाय, ती पन हरवील."

ती हसली. बिरडं सुनेने केलं. गोरीबाय दोनदा मागून घेऊन जेवली आणि उन्हं उतरल्यावर जीपमध्ये बसून कायमची गेली.

खर्डीपासून आत आमचं गाव. तिथे मिशनवाल्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना घातला आणि तो चालवायला ही सिस्टर आली. तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. तिचा मुलूख समुद्रापलीकडे. तिथे बटाटे पिकतात आणि बारा महिने पाऊस झिमझिमतो, एवढंच मला तिच्याकडून कळलं. गावात लगेच बोलणं सुरू झालं की ही बाटवायला आली आहे. मला आडून बोलता येत नाही. मी जाऊन तोंडावर विचारलं, "बाय, तू आमाला बाटवायला आलीस का?" तेव्हा ती पुस्तकातलं मराठी बोलायची. थोडा वेळ शब्द शोधले आणि म्हणाली, "माझंच अजून पक्कं झालेलं नाही. तुम्हाला काय बाटवू?" मला वाटलं चेष्टा करते. ती चेष्टा नव्हती हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

सुरुवातीला तिला 'मी आभारी आहे' म्हणायची खोड होती. पाणी दिलं, आभारी आहे. वाट दाखवली, आभारी आहे. एकदा तर बकरी दारातून बाजूला झाली तर तिलाही म्हणाली. माझी बायको सुंदरा मुरबाडकडची, माझ्याहून तिखट. एके दिवशी तिने भाकरी नेऊन दिली आणि गोरीबायने आभार मानले. सुंदरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आभार मानून मोकळी व्हतेस का गो? मी काय परकी हाय? आमच्यात असं नाय बोलत. कुनी दिलं का समोर खायचं. त्याचं पोट तेवढ्याने भरतं." त्या दिवसापासून गोरीबायने आभार सोडले. कुणी काही हातात ठेवलं की तिथेच तोंडात घालायची. कच्ची चिंच दिली तरी डोळे मिटून खायची.

तिच्या दुसऱ्या पावसाळ्यात आमची धाकटी मंजी गेली. नऊ वर्षांची होती. बांधावर गवत कापताना घोणस चावली. दवाखान्यात त्यावरचं इंजेक्शन नव्हतं. मी टेम्पो थांबवला. गोरीबाय मागे चढली, पोरीला मांडीवर घेतलं आणि शहापूरच्या रस्त्याला लागलो. सुंदरा घरी नव्हती, भाताच्या लावणीला गेली होती. आटगावच्या पुढे पोरीचा हात माझ्या हातात गार झाला. गोरीबाय तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, ते मध्येच थांबलं.

त्यानंतर ती रोज दवाखाना उघडायची, पण अंगात जीव नसल्यासारखी वागायची. औषध द्यायची, वर बघायची नाही. महिन्याभराने मला बोलावणं आलं की पेटीला दोरी बांधायची आहे. गेलो तर पत्र्याची पेटी भरलेली. भिंतीवर तिचा देव टांगलेला असायचा, तिथे नुसता खिळा राहिला होता. "परत जाते, भाऊ," ती म्हणाली. "मी इथे काही कामाची नाही." मी 'राहा' म्हटलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मलाही तेच वाटत होतं.

मी गाठ मारत होतो आणि दारात सुंदरा आली. हातात तवसं होतं, आमच्याकडच्या मांडवावरची ती मोठी काकडी. वेलावरचं पहिलं. आमच्यात पहिलं तवसं, पहिली लोंबी देवाला ठेवतात. त्याच्या आधी घरातलं पोरसुद्धा तोंड लावत नाही. पोर गेल्यापासून सुंदराने देव्हाऱ्याकडे पाठ केली होती. तिने तवसं पुढे केलं आणि म्हणाली, "पयलं हाय..."

पुढचं ऐकून घ्यायला गोरीबाय थांबलीच नाही. सुंदरानेच शिकवलेलं ना, दिलं की समोर खायचं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि सालासकट करकन चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला.

"अगो, ते देवाचं व्हतं!" सुंदरा ओरडली.

तोंड भरलेलं तसंच ठेवून गोरीबाय म्हणाली, "कुठल्या देवाचं?"

"तुज्या! माजा देव अन मी बोलत नाय. म्हनून तुज्या देवाला आनलं, तर तूच गिळलंस!"

गोरीबायचे डोळे असे झाले की तोंडातलं गिळावं की बाहेर काढावं हे तिला कळेना. सुंदराने तिच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. पोर गेल्यावर पहिल्यांदा. उंबऱ्यावर बसून पोट धरून हसली. हसता हसता रडायला लागली आणि गोरीबाय तिच्या शेजारी जमिनीवर बसली, हातात ते चावलेलं तवसं. सुंदरा म्हणाली, "माजी पोर टेम्पोच्या फळीवर नाय गेली गो. तुज्या मांडीवर गेली. मी नव्हते, तू व्हतीस. तुज्या देवाला तेवढं पोचायला पायजे व्हतं." 

मी दोरी सोडली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या दोघी तशा बसलेल्या असताना पेटी बांधणं मला बरं दिसेना.

ते तवसं दोघींनी मिळून संपवलं, मला एक फोड दिली. पुढल्या वर्षी पहिलं तवसं सुंदराने आमच्या देव्हाऱ्यात ठेवलं. भांडण मिटलं का, हे मी विचारलं नाही. बायकोच्या सगळ्या गोष्टी विचारायच्या नसतात.

पुष्कळ वर्षांनी चढणीला दम खाताना गोरीबायने मला सांगितलं. "मी तुम्हाला देव द्यायला आले होते, भाऊ. आणि माझ्याजवळच नव्हता. रोज गुडघे टेकायची, समोर कुणी नाही असंच वाटायचं. त्या टेम्पोत तर मी मागणंच सोडलं. आणि सुंदरा काकडी घेऊन आली. तिला वाटलं, माझ्याकडे देव आहे. तिला खोटी कशी पाडू? मग मला शोधावा लागला."

"सापडला का?"

"कधी कधी. बुधवारी जास्त."

बुधवार म्हणजे डोंगरावरच्या ठाकूरवाडीचा दिवस. औषधाची पेटी घेऊन ती वर चढायची. त्या वाडीत तिला कुणी नाचणीची भाकर द्यायचं, कुणी करवंदं, कुणी नुसतं बसायला घोंगडी. खाली उतरताना त्या एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याने काय दिलं ते ती आपल्या देवाला सांगायची. पुटपुटणं नव्हे, मोठ्याने, शेजाऱ्याशी बोलावं तसं. "चांगीने आज मला दोन शिव्या दिल्या, पण जांभळंही दिली," असं. मी म्हटलं, "शिव्या कशाला सांगतेस?" तर म्हणे, "त्या पण दिलेल्याच."

सुंदराच्या पोटात गाठ निघाली आणि सात महिन्यांत ती गेली. मी देव्हारा फडक्याने झाकला आणि ओटीच्या कोपऱ्यात बसलो. शेतावर जाईना, कुणाशी बोलेना. सून भाऊबंदांना सांगायची, म्हातारा बसून बसून संपणार. लोक येऊन म्हणायचे, देवाची इच्छा. मी त्यांना हाकलून द्यायचो. गोरीबाय आली ती यातलं काही बोलली नाही. माझ्याशेजारी बसली, रडली, नाक पुसलं. तेराव्यानंतरच्या बुधवारी पेटी आणून माझ्यापुढे आदळली.

"उचल. माझे गुडघे गेलेत."

"मी नाय येत. तुज्या देवाचं काम तू कर."

"देवाचं नाही रे, चांगीच्या पायाचं आहे. त्याला किडे पडतील."

चांगी म्हणजे वाडीतली ती शिव्या देणारी म्हातारी. पायाला जुनी जखम, काही केल्या भरत नव्हती. गेलो. दुसऱ्या बुधवारी गेलो. तीन वर्षं गेलो. बाकीचे सहा दिवस मी बसलेलाच असायचो, पण बुधवारी उठायचो. पाणी उकळणं, जखम धुणं, पट्टी बांधणं बघून बघून कळलं. तिने मला कधी 'प्रार्थना कर' म्हटलं नाही. फक्त उतरताना ती तिच्या देवाशी बोलायची आणि मी दोन पावलं मागून ऐकायचो.

मग तिच्या वरच्या लोकांचं पत्र आलं, वय झालं, परत या. नवी सिस्टर महिन्याभराने येणार होती. जीपमध्ये बसताना गोरीबायने माझा हात धरला. "भाऊ, चांगीला मी सांगितलं नाही. मला जमलंच नाही." मला राग आला. "मंग कोन सांगनार?" म्हणून मी ओरडलो. जीप गेली आणि मी येऊन कोपऱ्यात बसलो. मनात म्हटलं, आता उठवणारं कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आंघोळ केली आणि दवाखान्यातून पेटी आणली. सून म्हणाली, "बाबा, कुटं निघालाव? बाय तर गेली."

"पाय चांगीचा हाय. बायचा नाय."

चढणीला तीनदा बसलो. चांगी दारात उन्हाला बसली होती. माझ्या मागे बघत म्हणाली, "बाय कुटंय?"

"तिच्या मुलखात गेली. आता नाय येनार."

म्हातारीने बोटाने जमीन कोरली. मग पाय पुढे केला. "बग मंग तूच. पन हलक्या हाताने रे, मेल्या. तुजा हात म्हंजे नांगराचा फाळ."

मी जखम धुतली, पावडर टाकली, पट्टी बांधली. ती सगळा वेळ शिव्या देत होती आणि डोळ्यांतून पाणी गाळत होती. पायासाठी की बायसाठी, कोण जाणे.

उतरताना खिंडीत थांबलो. बाजूला बोलणारं कुणी नव्हतं. मी वर तोंड केलं नाही, समोर बघूनच बोललो. "आपलं भांडन हाय ते हायेच. पोर नेलीस, सुंदरा नेलीस, ते मी इसरनार नाय. पन दोन बाया दिल्यास मला, त्या चांगल्या दिल्यास. येवढं सांगायचं व्हतं."

पेटी खांद्यावर घेतली आणि उतरलो. वरच्या खाचरातलं भात कापायला आलं होतं, विळा घ्यायला घरी गेलो.