लिबोरियोकाकांची हनुवटी

लिबोरियोकाकांना बोलायचा कंटाळा. सगळं आयुष्य मिठागरात गेलं, तिथे तोंड उघडलं की वारा आत मीठ भरतो, असं ते सांगतात. मी मिठागरातली बडबडी माणसंही पाहिली आहेत, त्यामुळे या कारणावर माझा विश्वास नाही. हो म्हणायचं असेल तर काका गप्प बसतात. नाही म्हणायचं असेल तर हनुवटी वर उडवून जिभेनं 'च्' करतात. तसं आम्ही सिसिलीतले सगळेच करतो. काका फक्त तेवढ्यावरच संसार चालवतात.

आमच्या गावच्या विमानतळावर माझा कॉफीचा काउंटर आहे. काकांची लेक नीन्फा स्वीडनच्या पार वरच्या टोकाला, उमेओला दिली आहे. आमच्याकडून तिथे आठवड्यातून एकदा थेट विमान जायचं. उन्हाळ्यात त्यातून स्वीडिश माणसं यायची आणि लालबुंद होऊन परत जायची. हिवाळ्यात आमची माणसं तेलाचे डबे आणि खारवलेला ट्यूना घेऊन लेकीसुनांकडे जायची. हिवाळ्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत, हे मी नाकारत नाही.

काका दर डिसेंबरला जात. तेरा तारखेला सांता लुचियाचा सण असतो. संतीण आमची, इथली. त्या दिवशी आम्ही पावाला हात लावत नाही, शिजवलेले गहू खातो. स्वीडिश लोकांनी तिला तिकडे नेली, पोरींच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट चढवला आणि मिरवणूक सुरू केली. गव्हाचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. यंदा काकांची पाच वर्षांची नात तुवा बालवाडीच्या मिरवणुकीत लुचिया होणार होती. मी गहू घेऊन येतो, असं काकांनी तिला कबूल केलं होतं. चक्क तोंडानं.

एप्रिलमध्ये विमान कंपनीची एक स्वीडिश बाई आली. उंच, नम्र, पुस्तकातून शिकलेलं इटालियन बोलणारी. रांगेतल्या प्रत्येकाला तिनं विचारलं, की हिवाळ्यातलं विमान बंद केलं तर तुम्ही पालेर्मोहून, वाटेत विमान बदलून जाल का? प्रत्येकानं हनुवटी वर केली. 'च्.' बाईनं प्रत्येकाचे आभार मानले आणि हातातल्या यंत्रावर बोट टेकवलं. काकांनी तर दोनदा 'च्' केलं, म्हणजे प्रश्नच मिटला. किती गुणी बाई आहे, असं मला वाटलं.

सप्टेंबरात पेपरात आलं की हिवाळ्यातलं विमान बंद. कंपनीनं गावाचे मनापासून आभार मानले होते. जवळजवळ सगळ्या प्रवाशांनी पालेर्मोहून जायची तयारी दाखवली, असा समजूतदारपणा दुर्मीळ असतो, वगैरे. ध चा मा झाला होता, पण तो कसा झाला हे आमच्या लक्षात येईना.

महापौरांनी सभा घेतली. बाईंनाही बोलावलं. बाईंनी भर सभेत विचारलं, तुमची खरंच तयारी आहे ना? सगळ्या सभागृहानं एकदम हनुवट्या वर केल्या. बाईंचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे महापौरांच्या डोक्यात प्रकाश पडला: बाईंच्या देशात मान वर म्हणजे हो. त्यांनी तासभर खपून समजावलं, बाईही ओशाळल्या, पण विमान आधीच ग्रीसच्या एका बेटाला देऊन झालं होतं. तिथली मागणी फारच जोरदार निघाली म्हणे. ग्रीक माणसंही नाही म्हणताना मान वरच करतात.

सभेतून परतताना काका माझ्याशी बोलले. जावई तोर्बियोर्न पहिल्यांदा घरी आला होता, तेव्हा त्यानं पाठ केलेल्या वाक्यात विचारलं होतं, नीन्फाशी लग्न करू का? काकांनी हनुवटी वर केली. तो उठला आणि त्यांना मिठी मारून रडला. आता रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं.

"पोरगी अशीच गेली," काका म्हणाले. "आता विमानही."

पालेर्मोहून जा ना काका, असं मी किती वेळा म्हटलं. च्. एकदा त्यांना वाटेत विमान बदलायचं होतं. तिकिटावर लिहिलेल्या दारापाशी ते इमानानं बसून राहिले. दार बदललं होतं, विमान दुसरीकडून उडून गेलं. मिठागरात माणसाला जिथे उभं करतात तिथे तो उभा राहतो. पुन्हा त्या फंदात पडणार नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. आतून ते घाबरलेले होते, पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं नाही.

रविवारी ते माझ्या काउंटरवरून लेकीला फोन लावतात, कारण विमानतळाचं वायफाय फुकट आहे. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी ते येणार नसल्याचं सांगणार होते. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून दिला. समोर तुवा, पांढरा झगा घालून, डोक्यावर सेलवर पेटणाऱ्या मेणबत्त्या. मुकुट कानावर आला होता.

"आजोबा, येणार ना?"

काकांनी हनुवटी वर केली. च्.

उमेओकडची माणसं हो म्हणायला शब्द वापरत नाहीत, चटका बसल्यासारखा श्वास आत ओढतात. तुवानं तसा श्वास ओढला आणि मुकुट सावरत बापाला सांगायला पळाली. आतून तोर्बियोर्नचाही तोच आवाज आला. इतकी वर्षं झाली, हा गृहस्थ अजून काही शिकलेला नाही.

फोनमध्ये आता नुसती नीन्फा. ती इथेच वाढलेली, तिला बरोबर कळलं होतं. तिचा चेहरा पडला. मला काकांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून तो टिकेना.

"असू दे बाबा," ती म्हणाली. "तिला नीट कळलं नाही. मी सांगते समजावून."

काकांनी डब्याला टेकवलेला फोन उचलून हातात घेतला.

"नको," ते म्हणाले. "तिला कळलंय."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, पालेर्मोची बस कुठून सुटते.