ड्रॉइंगसरांची एक दिवसाची सहल

ड्रॉइंगसरांना काहीही विचारलं की ते आधी एक डोळा मिटत. नवीन वेळापत्रक कसं वाटलं असं विचारलं तरी, आणि डब्यात भाजी कुठली असं विचारलं तरी. मग म्हणत, "थांबा, बघून झालं की सांगतो." बत्तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, पण त्यांचं बघून झालंय असं मला कधी दिसलं नाही. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, तरी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना ड्रॉइंगसरच म्हणत.

मी इतिहास शिकवायचो. त्यातही मेक्सिकोकडच्या प्राचीन माया लोकांवर माझा फार जीव. पाठ्यपुस्तकात त्यांना जेमतेम एक परिच्छेद होता, त्यावर मी तीन तास घ्यायचो. त्यांची पंचांगं, त्यांचं शून्य, जंगलानं गिळलेली त्यांची शहरं, सगळं मला तोंडपाठ. तिथं एकदा जायचंच असं मी लग्नाआधीपासून म्हणत आलो होतो. बायको म्हणायची, आधी महाबळेश्वरला तरी न्या.

आणि गेलं कोण, तर ड्रॉइंगसर. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मुलीला, रुबीनाला, कंपनीनं मेक्सिकोला पाठवलं आणि तिनं अब्बांना महिनाभर बोलावून घेतलं. परतल्यावर ते नारायण पेठेत माझ्याकडे आले. पहाटे बसनं निघालो, बरोबर गाईड होता, जंगलातली माया लोकांची देवळं पाहिली आणि संध्याकाळी घरी आलो, असं त्यांनी कात्रजला जाऊन आल्यासारखं सांगितलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

मी त्यांची तोंडी परीक्षाच घेतली. चेंडूचं मैदान पाहिलंत? म्हणाले, ते राहिलं. वेधशाळा? तीही राहिली. मग केलंत काय दिवसभर? तर गाईड लाल छत्री उंच धरून सगळ्यांना पुढे घेऊन गेला आणि हे मोठ्या देवळाच्या जिन्यासमोर वही काढून बसले. छत्री परत दिसेपर्यंत बसूनच होते. इतक्या लांब जाऊन या गृहस्थांनी एक जिना पाहिला होता. देव कुणाच्या पदरात काय टाकतो, असं माझ्या मनात आलं आणि ते चेहऱ्यावरही दिसलं असणार.

सर मात्र रंगात आले होते. म्हणाले, "पायऱ्या इतक्या अरुंद आहेत, की पाऊल आडवंच ठेवावं लागतं. सरळ चढताच येत नाही. देवापुढे ताठ मानेनं कुणी जाऊ नये, म्हणून असेल का हो?"

जिन्याच्या पायऱ्या किती ते मला ठाऊक होतं. पाऊल कसं ठेवायचं ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. तो दिवस माझा होता आणि तो सरांनी जगून घेतला, असं मला वाटलं. त्या रात्री जेवणात माझं लक्ष नव्हतं.

पुढे कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं सरांचं व्याख्यान ठेवलं आणि आभाराचे दोन शब्द माझ्याकडे दिले. सर वीस मिनिटं बोलले, तेही जिन्यावरच. पायरीवर ऊन खात पडलेला सरडा, दगडांच्या सांध्यातलं शेवाळ, दुपारी बारा वाजता आखडून गेलेली सावली. लोक अगदी तल्लीन होऊन ऐकत होते. मग मी आभार मानायला उठलो आणि पाऊण तास बोललो. वक्त्यांनी न पाहिलेलं मैदान, वक्त्यांनी न पाहिलेली वेधशाळा, वक्त्यांच्या नजरेतून सुटलेला सगळा इतिहास मी एकेक करून मांडला. आभार तेवढे राहून गेले. चहा गार झाल्याचं कार्यवाहांनी दोनदा खुणेनं सांगितलं, पण मी बघितलं नाही.

सर पहिल्या रांगेत एक डोळा मिटून ऐकत होते. बाहेर स्कूटरपाशी भेटले तेव्हा म्हणाले, "आज कळलं, मी कुठं जाऊन आलो ते." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. तो टोमणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग ते म्हणाले, "रुबीना अजून वर्षभर तिथं आहे. पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ. तुम्ही सांगा, मी बघतो."

सगळं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. पण ते यांच्या मेहेरबानीनं, यांच्या मागोमाग! मी म्हणालो, "एका दिवसाच्या सहलीत मला रस नाही, सर. त्याला अभ्यास लागतो." ते बरं म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

ते वर्ष सरायच्या आतच सर गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रुबीना नोकरी सोडून पुण्याला आली.

शाळेनं शोकसभा ठेवली. शेजारी बसणारा म्हणून पहिलं भाषण माझं होतं. टेबलावर रुबीनानं सरांचं त्या जिन्याचं चित्र ठेवलं होतं. मी त्यांच्या साधेपणाबद्दल, वक्तशीरपणाबद्दल बोललो. तेवढ्यात एक माजी विद्यार्थिनी उठली. ती आता स्वतः चित्रकला शिकवते. म्हणाली, "सर, या चित्रात छायेच्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या आहेत. ड्रॉइंगसर डावखुरे होते का?"

ते खडू धरताना आठवून पाहिले, डबा खाताना, स्कूटरवर बसताना. चेहरा दिसत होता, मिटलेला डोळा दिसत होता, हात दिसत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो, अब्बा डाव्या हातानं काढायचे," रुबीना बसल्या जागेवरूनच म्हणाली. तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. मी खाली बसलो, आणि मला रुबीनाचा हेवा वाटला.